दोषाचा गुण होताना : मदैरा वाइनचा इतिहास आणि आस्वाद

शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' या नाटकाच्या पहिल्या भागात, पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, पॉइन्स फॉल्स्टाफची थट्टा करतो. गुड फ्रायडेच्या दिवशी पेलाभर मदैरा आणि कोंबड्याची थंड तंगडी यांच्या बदल्यात तू सैतानाला आपला आत्मा विकला होतास, त्या सौद्याचे पुढे काय झाले, असा त्या थट्टेचा आशय. उपासाच्या दिवशी मांस खाण्यातला विनोद टीपांमधून बहुधा समजावून दिलेला असतो. पेल्यातल्या मदैराकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. पाहिले तर एक कालविपर्यास ध्यानात येतो. नाटकाच्या शेवटी येणारी श्रूझबरीची लढाई १४०३ सालची आहे आणि अटलांटिक महासागरातल्या मदैरा बेटावर माणसांची वस्ती सुरू झाली ती १४२० च्या सुमारास. म्हणजे फॉल्स्टाफने ज्या वाइनसाठी आत्मा विकला ती त्या काळी अस्तित्वातच नव्हती. नाटक लिहिले गेले १५९६-९७ च्या सुमारास. तोवर लंडनच्या प्रेक्षकांना हे नाव इतके ओळखीचे झाले होते की त्यावर विनोद करता येत होता.

विपर्यास किरकोळ आहे आणि शेक्सपिअरच्या नाटकांत त्याहून मोठे विपर्यास आहेत. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो त्या थट्टेतला सौदा. एका पेल्याची किंमत एक आत्मा. फॉल्स्टाफ निदान स्वतःचा आत्मा तरी विकतो. मदैराच्या पुढच्या इतिहासात पेला एकाच्या हाती आणि किंमत दुसऱ्याच्या माथी अशीच वाटणी बहुधा दिसते. ही वाइन चाखावी कशी आणि तिची चव अशी का, हे दोन प्रश्न या लेखात आम्ही जोडून पाहणार आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे राहते, असे आमचे म्हणणे आहे. साहित्यकृतीचा आस्वाद आणि तिचा इतिहास यांच्या नात्यावर आपण वर्गांतून जो वाद घालत असतो, त्या वादासाठी हे एक बाहेरचे पण बोलके उदाहरण आहे.

नाव, लाकूड आणि साखर

'मदैरा' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला 'मदिरा' आठवणारच. पण हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. आपली मदिरा 'मद्' या धातूपासून आलेली. पोर्तुगीज 'मदैरा' म्हणजे लाकूड. लॅटिनमधल्या 'मातेरिया' या शब्दापासून तो निघाला आणि इंग्रजीतला 'मटेरिअल' त्याच कुळातला. एका शब्दाच्या मुळाशी नशा आहे, दुसऱ्याच्या मुळाशी द्रव्य. या वाइनच्या बाबतीत दुसरी व्युत्पत्ती अधिक अर्थपूर्ण ठरते, कारण लाकूड, माती, ऊन आणि समुद्र यांची खूण हिच्याइतकी उघडपणे वागवणाऱ्या वाइन थोड्याच असतील.

लिस्बनपासून नैर्ऋत्येला सुमारे हजार किलोमीटरवर असलेले हे बेट ज्वालामुखीतून वर आले आहे. सपाट जागा जवळजवळ नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतात. पोर्तुगीज वसाहतकार आले तेव्हा बेटभर दाट अरण्य होते, म्हणून हे नाव. शेतीसाठी त्यांनी ते अरण्य पेटवले. ती आग सात वर्षे धुमसत होती अशी आख्यायिका सांगतात. सात हा आकडा आख्यायिकेचा असला तरी अरण्य जाळले गेले हे खरे.

द्राक्षवेल बेटावर लवकर आला. कादामोस्तो हा व्हेनिसचा दर्यावर्दी १४५५ मध्ये येथे आला होता आणि राजपुत्र हेन्रीच्या आज्ञेने क्रीट बेटावरून आणलेल्या माल्वाझिया जातीच्या वेली त्याने नोंदवल्या आहेत. पण बेटाला श्रीमंती आणली ती उसाने. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या बाजारांत मदैराची साखर मोठ्या प्रमाणावर जात होती. डोंगराच्या उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते काढणे, 'लेवादा' नावाच्या पाटांनी कडेकपारींतून पाणी वळवून आणणे आणि ऊस तोडून गाळणे या कामांसाठी कॅनरी बेटांवरून आणि आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. पुढे ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर अवाढव्य स्वरूपात जी मळ्यांची व्यवस्था उभी राहिली तिची एक आरंभीची आवृत्ती इतिहासकारांना येथे दिसते. सोळाव्या शतकात ब्राझीलच्या साखरेपुढे बेटाची साखर टिकेना, तेव्हा त्याच पायऱ्यांवर, त्याच पाटांच्या पाण्यावर द्राक्षवेल पसरला. वाइनसाठी लागणारी जमीन तिच्याआधीच कोणाच्या तरी कष्टांनी घडवून ठेवलेली होती.

येथे आणखी एक वाङ्मयीन गैरसमज दूर करायला हवा. क्लॅरेन्सचा ड्यूक 'मामझी'च्या पिंपात बुडून मेला ही १४७८ सालची कथा शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा'मुळे सर्वतोमुखी झाली आणि मदैराच्या गोड प्रकाराला इंग्रजीत मामझीच म्हणत असल्यामुळे ही कथा पुष्कळदा या बेटाच्या खात्यावर जमा होते. पण मामझी हे नाव ग्रीसमधल्या मोनेम्व्हासिया या बंदरावरून आले आहे आणि त्या काळी या नावाने विकली जाणारी गोड वाइन क्रीट आणि आसपासच्या ग्रीक मुलखातली असे. वेल जसा क्रीटहून मदैराला आला तसे नावही मागाहून आले.

पिंप, कायदा आणि मुंबई

१६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला. त्या तहातून मुंबई इंग्रजांकडे आंदण म्हणून गेली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या सख्याच्या त्याच काळात, १६६३ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने एक व्यापारी कायदा केला. युरोपातला माल इंग्रजी वसाहतींना न्यायचा तर तो आधी इंग्लंडच्या बंदरात आणून मगच पुढे न्यावा, असा त्याचा रोख होता. त्याला जे मोजके अपवाद ठेवले त्यांत मदैरा आणि अझोर्स या बेटांची वाइन होती. फ्रान्सची वाइन बॉस्टनला पोचेपर्यंत वळसा आणि कर यांनी महाग होई. मदैरा थेट जाई. त्यातच वाऱ्यांची दिशा अशी की युरोपातून वेस्ट इंडीजकडे, ब्राझीलकडे किंवा आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजांना पाणी आणि शिधा भरून घ्यायला हे बेट वाटेवरच पडे. फुंशाल या बेटाच्या मुख्य बंदरात इंग्रज व्यापाऱ्यांनी बस्तान बसवले ते या दोन कारणांनी. कॅप्टन कुकचे 'एन्डेव्हर' जहाज १७६८ च्या सप्टेंबरात येथे थांबले आणि तीन हजारांहून अधिक गॅलन वाइन घेऊन पुढे गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात जॉन हॅन्कॉक या व्यापाऱ्याचे 'लिबर्टी' हे जहाज जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. जहाजात मदैराची पंचवीस पिंपे असल्याचे सांगून कर भरला, पण त्याहून पुष्कळ माल रात्री चोरून उतरवला, असा आरोप होता. जप्तीनंतर शहरात दंगल उसळली आणि अधिकाऱ्यांना किल्ल्याच्या आश्रयाला जावे लागले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे नेणाऱ्या घटनांच्या मालिकेत या प्रकरणाला जागा आहे.

आम्ही मुद्दामच 'पिंप' हा शब्द वापरत आहो. मराठीतले पीप किंवा पिंप पोर्तुगीज 'पिपा'वरून आले. पाव, बटाटा, चावी, साबण, घमेले यांच्याबरोबरच ते आपल्या घरात शिरले आणि पाण्याच्या, तेलाच्या, रॉकेलच्या साठवणीला लागले. मूळ धंद्यात पिपा हे वाइनचे लाकडी भांडे आणि मापही आहे. मदैराचे पिंप सुमारे ४१८ लिटरांचे धरतात. शब्द आपल्याकडे राहिला, त्यातली वस्तू मात्र पुढे निघून गेली.

समुद्राने केलेली वाइन

आरंभीची मदैरा आज ओळखली जाते तशी नव्हती. ती साधी, आंबटसर वाइन होती आणि लांबच्या प्रवासात बिघडे. अठराव्या शतकात ती टिकावी म्हणून तिच्यात ब्रँडी मिसळण्याची रीत हळूहळू रूढ झाली. मद्यार्क घालून बळकट केलेल्या अशा वाइनला आज 'फॉर्टिफाइड' म्हणतात. पण या बळकटीइतकीच निर्णायक ठरली ती व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलेली एक विलक्षण गोष्ट. जहाजाच्या तळाशी महिनोन्‌महिने डुचमळलेली आणि विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात तापलेली वाइन नासण्याऐवजी सुधारत होती. जी पिंपे विकली न गेल्यामुळे परत आली ती बेटावर राहिलेल्या पिंपांपेक्षा सरस निघाली.

मग हाच अपघात रीतसर घडवून आणला जाऊ लागला. वाइनची पिंपे केवळ फिरवून आणण्यासाठी जहाजांवर चढवली जात. उष्ण कटिबंध जाता-येता दोनदा ओलांडून आलेल्या अशा वाइनला 'विन्यो द रोदा' म्हणत. 'रोदा' म्हणजे चाक, फेरी. हिंदुस्थानची फेरी यांत विशेष मानाची. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे फुंशालला वाइन भरून घेत. तिच्यातली काही मुंबई, मद्रास, कलकत्ता येथल्या इंग्रजांच्या मेजांवर संपे आणि काही तशीच लंडनला परत जाऊन 'ईस्ट इंडिया मदैरा' या नावाने चढ्या भावात विकली जाई. आपल्याकडच्या उन्हाळ्याला लंडनच्या बाजारात अशी किंमत आलेली होती.

डिकन्सच्या 'डॉम्बी अँड सन' (१८४६-४८) या कादंबरीत या प्रथेचा सुरेख उपयोग आहे. नौकानयनाची उपकरणे विकणारा म्हातारा सॉलोमन गिल्स आपला भाचा वॉल्टर डॉम्बीच्या पेढीत नोकरीला लागला म्हणून जुन्या मदैराची शेवटून दुसरी बाटली काढतो आणि ही वाइन कितीदा पूर्वेकडे जाऊन आली, तिने पृथ्वीप्रदक्षिणाही केली, हे कौतुकाने सांगतो. शेवटची बाटली वॉल्टरच्या भाग्योदयासाठी राखून ठेवली जाते. पुढे वॉल्टरला बार्बाडोसला धाडतात, त्याचे जहाज बुडते, तो मेला असे सारे धरून चालतात. आणि अखेर तो परततो, तेव्हा शेवटच्या प्रकरणात ती बाटली फुटते. समुद्रावर हाल सोसून अधिक चांगली होऊन परतलेली वाइन आणि तसाच परतलेला माणूस यांची जोडी डिकन्सने लावली आहे. वाइनचा इतिहास ठाऊक नसेल तर ती बाटली केवळ एक घरगुती तपशील वाटते. वॉल्टर ज्या बार्बाडोसला निघालेला असतो ते साखरेच्या मळ्यांचे आणि नुकत्याच संपलेल्या गुलामगिरीचे बेट आहे, हेही येथेच ध्यानात ठेवावे.

आज ती कशी होते, कशी चाखावी

पिंपे जगभर फिरवणे खर्चाचे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९४ च्या सुमारास, बेटावरच समुद्रप्रवासाची नक्कल सुरू झाली. 'एस्तूफा' म्हणजे भट्टीघर. तेथे वाइन ४५ ते ५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून निदान तीन महिने ठेवतात. साध्या प्रतीची मदैरा आजही अशीच होते. उत्तम मदैरासाठी 'कांतैरो' पद्धत आहे: पिंपे तुळयांवर आडवी मांडून उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षे ठेवायची. दरवर्षी थोडी वाइन लाकडातून उडून जाते, उरलेली दाट होत जाते. एकाच वर्षाच्या, एकाच जातीच्या द्राक्षांची आणि पिंपात किमान वीस वर्षे मुरलेली वाइन 'फ्रास्कैरा' म्हणवते.

गोडवा कोठून येतो, हे समजून घेणे आस्वादाला उपयोगी आहे. द्राक्षरस आंबताना किण्व साखर खाऊन मद्यार्क तयार करते. मध्येच द्राक्षांपासून काढलेला ९६ टक्के शक्तीचा मद्यार्क ओतला की किण्व मरते आणि न खाल्लेली साखर तशीच राहते. केव्हा ओतायचा यावर सगळे अवलंबून. सेर्सियाल जातीच्या द्राक्षांत तो उशिरा ओततात, म्हणून ती वाइन कोरडी. वेर्देल्यो तिच्याहून किंचित गोड, बोआल आणखी गोड आणि माल्वाझिया, म्हणजेच मामझी, सर्वांत गोड. माल्वाझियात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा अधिक साखर असते. तयार वाइनची शक्ती साधारणपणे १७ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान.

आता पेल्याकडे वळू. दहा किंवा पंधरा वर्षांची मामझी नवख्यासाठी चांगली. ती जेवणाबरोबर घटाघटा पिण्याची वस्तू नाही. लहान पेल्यात, थोडीशी, जेवणानंतर घ्यावी. आपल्याकडच्या हवेत बाटली किंचित थंड करणे आवश्यक आहे, पण फ्रिजमधल्या पाण्याइतकी गार केली तर गंध मिटून जातो. १४-१५ अंश पुरेत. बाटली आडवी ठेवू नये, उभी ठेवावी, नाहीतर ही आम्ल वाइन बुचाला खाते. फार जुनी बाटली काही दिवस आधी उघडून ठेवतात. इतर वाइन उघडल्यावर दोन दिवसांत उतरतात, मदैरा महिनोन्‌महिने टिकते. उष्णता आणि हवा यांनी जे बिघडायचे ते सारे तिने आधीच भोगून घेतलेले असते.

पेला उजेडात धरला तर मध्ये तांबूस तपकिरी आणि कडेला पिवळसर झाक दिसते. अतिशय जुन्या वाइनच्या कडेला हिरवट छटा येते. गंधात अक्रोड, करपायच्या बेतात आलेली साखर, सुकवलेली संत्र्याची साल, जुन्या पेटीचे लाकूड. पाश्चात्त्य आस्वादक याच यादीत मेपलच्या पाकाचे नाव घेतात. ज्याने मेपल पाहिला नाही त्याने काय करावे? त्याने मेथी आठवावी. जुन्या मदैरात 'सोटोलॉन' नावाचे एक संयुग तयार होते आणि मेथीदाण्याच्या विशिष्ट वासाचे मुख्य कारण हेच संयुग आहे. अल्प प्रमाणात त्याचा वास जळक्या साखरेसारखा आणि पाकासारखा येतो, प्रमाण वाढले की मेथीसारखा. मेथीच्या लाडवांच्या घाण्यात गूळ आणि भाजलेली मेथी एकत्र येतात तो क्षण ज्याच्या स्मृतीत आहे, त्याला या वाइनचा गंध परका वाटण्याचे कारण नाही. आम्हांला तरी तो तसा वाटला नाही.

मग घोट. आधी गोडवा जीभ भरून टाकतो आणि आता हे जड होणार असे वाटत असतानाच मागून आंबटपणा येऊन त्याला कापून काढतो. बेटाच्या ज्वालामुखीच्या मातीत आणि दमट हवेत पिकलेल्या या द्राक्षांचे आम्ल तीव्र असते आणि तापवण्याने ते नाहीसे होत नाही. गोड आणि आंबट यांपैकी कोणीच हरत नाही. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हा तोल कळायला अवघड जाऊ नये. घोट गिळल्यावरही चव पुढे चालू राहते, बदलत जाते. उत्तम फ्रास्कैराची ती कितीतरी वेळ रेंगाळते. ध्वनिकारांनी घंटेच्या टोल्यानंतर उरणाऱ्या नादाची, अनुरणनाची, उपमा काव्यार्थाला दिली. वाइनच्या या अंगासाठी आपल्या परंपरेत याहून नेमका शब्द आम्हांला सापडत नाही.

अनित्य दोष

फ्रेंच वाइनसमीक्षेत 'मादेरिझे' असा एक शब्द आहे. उष्णतेने आणि हवेने बिघडून तपकिरी झालेल्या, शिळ्या वासाच्या वाइनला तो लावतात आणि तो निंदाव्यंजक आहे. मदैराचे जे मर्म तेच बोर्दोच्या वाइनचे मरण. संस्कृत काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. आनंदवर्धनाने श्रुतिदुष्टादी दोष अनित्य ठरवले. मम्मटानेही 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात दोषांची चर्चा करताना हे सूत्र पुढे नेले. कानाला कठोर लागणारी अक्षरे शृंगारात दोष ठरतात, रौद्रात तीच गुण होतात. दोष वस्तूत बसलेला नसतो. ती वस्तू कोणत्या प्रयोजनाशी जोडली आहे, यावर तो ठरतो.

रसचर्चेत पानकाचा दृष्टान्तही येतो. गूळ, मिरी, आम्ल अशा वेगवेगळ्या द्रव्यांच्या मिश्रणातून पानकाची अशी एक चव तयार होते की ती घटकांपैकी कोणत्याही एकाची नसते. मदैराचे पानक पाहिले तर त्यातली द्रव्ये कोणती? क्रीटची वेल, ज्वालामुखीची माती, द्राक्षांचा मद्यार्क, लाकूड, ऊन. आणि त्यांच्या जोडीला १६६३ चा एक कायदा, अटलांटिकचे वारे, हिंदुस्थानची फेरी, बॉस्टनच्या गिऱ्हाइकाची पत्रे. डेव्हिड हॅन्कॉक या इतिहासकाराने 'ओशन्स ऑफ वाइन' (२००९) या ग्रंथात दाखवले आहे की ही वाइन एखाद्या प्रतिभावंताने शोधून काढली नाही. उत्पादक, अडते, दुकानदार आणि पिणारे यांच्या समुद्रापलीकडून चाललेल्या संभाषणातून, एकमेकांच्या तक्रारींतून आणि मागण्यांतून ती शतकभर घडत गेली. कर्त्याचे एकच एक नाव नसलेली ही कृती आहे. आपल्या मौखिक परंपरेतल्या ओव्यांसारखी, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण हा मोह आवरायला हवा. ओवी म्हणणारी बाई ती ओवी ऐकतही असते. मदैराच्या त्या दीर्घ संभाषणात ज्यांना बोलायला जागा नव्हती, अशी माणसे पुष्कळ होती.

किंमत

बेटावरची जमीन शतकानुशतके 'कोलोनिया' नावाच्या पद्धतीने कसली जात असे. जमीन मालकाची, तिच्यावरचे बांध, वेली, झोपडे हे कुळाने स्वतःच्या कष्टाने उभे करायचे आणि पिकाचा अर्धा वाटा मालकाला द्यायचा. पोर्तुगालमध्ये १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळली आणि १९७६ च्या राज्यघटनेने ही पद्धत मोडीत काढायचे ठरवले, तोवर ती चालू होती. डोंगरात द्राक्षे पायांनी तुडवून काढलेला रस बोकडाच्या कातड्याच्या पखालींत भरून 'बोर्राशैरो' म्हणवणारे हमाल तो खांद्यावरून अरुंद पायवाटांनी खाली उतरवत. रस त्यांच्या पाठीवर, वाइन फुंशालच्या वखारींत आणि नाव बाटलीवर इंग्रज पेढीचे, अशी ही साखळी होती. अमेरिकेच्या दक्षिणेत, चार्ल्स्टन आणि सव्हाना येथे मळेवाल्यांच्या घरी जुन्या मदैराच्या रसिक बैठकी रंगत, तेव्हा पेले मांडणारे आणि उचलणारे हात गुलामांचे असत. वीर मिचेल या फिलाडेल्फियाच्या डॉक्टर-लेखकाचे 'अ मदैरा पार्टी' (१८९५) हे छोटे पुस्तक अशाच एका रसिक बैठकीचे चित्रण आहे. चव, गंध, वय यांवरचे संभाषण ज्या निवांतपणातून जन्मते, तो निवांतपणा कोणी मिळवून दिला, हा प्रश्न अशी पुस्तके वाचताना मनात ठेवावा लागतो.

द्राक्षांच्या जातींतही असाच भेद आहे. सेर्सियाल ते माल्वाझिया ही मानाची चार नावे. प्रत्यक्षात बेटावरची बहुतांश वाइन होते ती तिंता नेग्रा या काळ्या, कणखर, भरपूर पिकणाऱ्या जातीची. आणि तिचे नाव बाटलीवर लिहिण्याची मुभा अगदी अलीकडेपर्यंत नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संकटे लागोपाठ आली. १८४६-४७ मध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ झाला. १८५१ मध्ये वेलींवर भुरी आली. १८७२ मध्ये मुळे खाणारी फिलॉक्सेरा कीड बेटावर पोचली. जुने मळे उद्ध्वस्त झाले, व्यापारी निघून गेले. हा धंदा पुढे सावरला, पण विसाव्या शतकात रशियातली क्रांती आणि अमेरिकेतली दारूबंदी यांनी मोठ्या बाजारपेठा पुन्हा हिरावल्या. आज बेटावरचे या वाइनसाठीचे मळे पाचशे हेक्टरांच्या आतच आहेत.

कुळांनी काय केले? ती जहाजांवर चढली. ब्रिटिश गयानात गुलामगिरी कायद्याने संपल्यावर तिथल्या ऊसमळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८३५ पासून मदैराची माणसे तिकडे जाऊ लागली. पुढच्या अर्धशतकात ही संख्या तीस हजारांच्या घरात गेली. त्याच मळ्यांवर १८३८ पासून कलकत्त्याहून हिंदी गिरमिटिये उतरवले जात होते. ज्या बेटावर अटलांटिकच्या साखरेचा एक आरंभ झाला, त्याच बेटाची माणसे साडेतीनशे-चारशे वर्षांनी दुसऱ्याच्या मळ्यावर ऊस तोडायला गेली. उष्ण कटिबंधातला प्रवास, जहाजाचा तळ आणि उकाडा यांतून वाइन गेली तशी तीही गेली. वाइन परतली की तिचा भाव वाढे. माणसांपैकी कित्येक पहिल्या काही वर्षांतच तापाने मेली. जी जगली त्यांतल्या अनेकांनी मळा सोडून दुकाने थाटली आणि ती तिथलीच झाली. 'रोदा' त्यांच्या वाट्याला अर्धीच आली.

हे सगळे कळल्याने घोट कडू होतो का? आम्हांला तसे वाटत नाही. या वाइनचे सौंदर्य खरे आहे. ते फसवे आहे असे म्हणणे त्या बोर्राशैरोच्या श्रमालाही कमी लेखण्यासारखे होईल. पण जीभ एकटीने जे सांगू शकते त्याला मर्यादा आहे. ती आम्ल सांगते, साखर सांगते, मेथीचा वास आला की स्वयंपाकघर आठवून देते. कायदा, कूळ, पखाल आणि परत न आलेली जहाजे तिला सांगता येत नाहीत. ते वाचूनच कळते. आपल्या परंपरेत सहृदय म्हणजे केवळ संवेदनशील मनुष्य नव्हे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा वाचक. मदैराच्या बाबतीत त्या परिशीलनात इतिहासाचाही समावेश करावा लागतो आणि साहित्याच्या वर्गातही तो केल्याने आस्वाद उणावतो, असा अनुभव आम्हांला अद्याप आलेला नाही.